ट्रेंड की टाइमपास?

वादळ येणार म्हटल्यावर माणसं दुकानातून काय उचलतात? टॉर्च, मेणबत्त्या, पाण्याच्या बाटल्या. बरोबर! आणि स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट!

२००४ साली फ्रान्सिस नावाचं चक्रीवादळ अमेरिकेत फ्लोरिडाच्या दिशेने निघालं होतं. त्याआधी काहीच आठवड्यांपूर्वी चार्ली वादळ तिथून थैमान घालून गेलेलं. वॉलमार्टच्या आयटी प्रमुख लिंडा डिलमन यांनी टीमला कामाला लावलं: चार्लीच्या वेळची विक्री तपासा. टॉर्च जोरात खपले होते, त्यात काय नवल! पण स्ट्रॉबेरी पॉप-टार्ट या जॅम भरलेल्या गोड बिस्किटांचा खप चक्क नेहमीच्या सातपट निघाला. आणि वादळाआधीचा नंबर वन आयटम? बिअर!

ट्रक भरून माल वादळाच्या वाटेवरच्या दुकानांकडे निघाला आणि धडाधड खपला. जरा विचार केला की कोडंही सुटतं. शिजवायची कटकट नाही, फ्रिजची गरज नाही, वीज गेली तरी पोरं खूश. आकडा तगडा आणि त्याच्यामागचं कारणही तगडं. अस्सल ट्रेंड असा असतो!

पण मंडळी, प्रत्येक वर गेलेली रेघ अस्सल नसते. चला, असली-नकलीचा एक झटपट फेरफटका मारू.

बिअर, डायपर आणि थोडा मसाला

सेल्स मीटिंगमध्ये हा किस्सा तुम्ही ऐकला असेलच. शुक्रवारी संध्याकाळी बाळाचे डायपर आणायला गेलेले बाबा जाता जाता बिअरही उचलतात. दुकानदाराने दोन्ही वस्तू शेजारी मांडल्या आणि गल्ला दणक्यात वाढला. बहुतेक वेळा हाही किस्सा वॉलमार्टच्याच नावावर खपतो.

माहीत आहे का, मूळ गोष्ट काय? १९९२ साली टेराडेटा कंपनीतल्या थॉमस ब्लिशॉक यांच्या टीमने ऑस्को ड्रग या साखळीच्या सुमारे २५ दुकानांतली १२ लाख बिलं चाळली. संध्याकाळी ५ ते ७ या वेळात डायपर आणि बिअर एकत्र विकली जातात, असं त्यांना दिसलं. इथपर्यंत सगळं खरं. पुढचा क्लायमॅक्स मात्र नंतर चढवलेला मसाला! ऑस्कोने या दोन वस्तू शेजारी मांडल्याच नाहीत. त्यामुळे गल्ला वाढायचा प्रश्नच आला नाही.

जोडी सापडली म्हणजे धंदा वाढेलच, याची गॅरंटी कुणी द्यायची? त्यासाठी करून बघावं लागतं. मायक्रोसॉफ्टच्या बिंगमध्ये जाहिरातीचं शीर्षक थोडं लांबवून दाखवायची एक कल्पना कित्येक महिने धूळ खात पडली होती. २०१२ मध्ये एका इंजिनिअरने शेवटी तिची ट्रायल घेतली. काही ग्राहकांना जुना अवतार, काहींना नवा. उत्पन्न १२ टक्क्यांनी वर! एकट्या अमेरिकेत वर्षाला १० कोटी डॉलरहून जास्त. धूळ झटकली आणि धन निघालं!

सलग चार षटकार

एक नाणं वीस वेळा उडवा. सलग चारदा छापा किंवा सलग चारदा काटा पडण्याची शक्यता किती असेल? पाच टक्के? दहा?

तब्बल ७७ टक्के!

आता हेच दुकानात आणा. रोजची विक्री नेहमीच्या मधल्या आकड्याच्या वर गेली तर छापा, खाली राहिली तर काटा. वीस दिवसांत सलग चार दिवस 'वर' आले की मालक पेढे वाटतो, सलग चार दिवस 'खाली' आले की सेल्समनची हजेरी घेतो. आणि यात नुसत्या योगायोगाचा हात असण्याची शक्यता भरपूर.

आपल्या डोळ्यांना योगायोग ओळखताच येत नाही. ॲपलच्या आयपॉडवर शफल लावलं की एकाच गायकाची गाणी पाठोपाठ यायची. लोक तक्रार करायचे, हे शफल नाहीच! खरं तर ते अस्सल शफल होतं. शेवटी २००५ मध्ये ॲपलने स्मार्ट शफल आणलं. गाणी रँडम वाटावीत म्हणून रँडमपणा कमी केला!

दुसऱ्या महायुद्धातही हेच. जर्मनांचे उडते बॉम्ब लंडनच्या ठरावीक भागांवरच पडतात, अशी बोलवा होती. आर. डी. क्लार्क या विमा कंपनीतल्या गणितज्ञाने दक्षिण लंडनच्या नकाशाचे ५७६ सारखे चौकोन पाडले आणि त्यांत पडलेले ५३७ बॉम्ब मोजले. नुसत्या योगायोगाच्या हिशेबाने सुमारे २२७ चौकोन कोरे राहायला हवे होते. प्रत्यक्षात राहिले २२९. नेमबाजीचा पत्ताच नाही!

मग किती दिवसांची रांग लागली की दखल घ्यायची? याचं उत्तर कारखान्यांत केव्हाच सापडलंय. माहीत आहे का, १६ मे १९२४ या दिवशी वॉल्टर शूहार्ट नावाच्या इंजिनिअरने साहेबांना जेमतेम एका पानाचं टिपण दिलं, त्यात एक छोटा आलेख होता. मधे सरासरीची रेघ, वर एक हद्द, खाली एक हद्द. ठिपके हद्दीच्या आत नाचत असतील तर नाचू द्या. एखादा बाहेर पडला की मशीन तपासा. टेलिफोनची यंत्रसामग्री बनवणाऱ्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत जन्मलेला हा कंट्रोल चार्ट आजही जगभरच्या कारखान्यांत भिंतीवर दिसतो. पुढे याच कंपनीच्या १९५६ च्या हँडबुकात नियम छापला गेला: सलग आठ ठिपके मधल्या रेघेच्या एकाच बाजूला आले तर काहीतरी खरोखर बदललंय, शोधा. आठच का? कारण निव्वळ योगायोगाने सलग आठ ठिपके वरच पडण्याची शक्यता २५६ मध्ये एक!

आणि हे शूहार्ट भारतातही येऊन गेलेत बरं का! १९४७-४८ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून ते आले आणि आपल्या उद्योजकांना हे तंत्र समजावत देशभर फिरले.

घोटभर डेटा

डेटा थोडाच असेल तर? याचं उत्तर मिळालं कुठे, तर डब्लिनच्या गिनेस बिअर कंपनीत! (बिअर आज पाठ सोडत नाही.) १८९९ मध्ये तिथे रुजू झालेले विल्यम गॉसेट सातू आणि बिअरच्या मोजक्याच नमुन्यांवरून निष्कर्ष काढायच्या खटपटीत होते. १९०८ मध्ये त्यांनी कमी नमुन्यांत फरक खरा की वरवरचा हे ठरवायची रीत छापली. 'स्टुडंट' या टोपणनावाने! आज कॉलेजात शिकतात ती टी-टेस्ट ती हीच. बिअरवाल्याने लावलेला हा शोध औषधांच्या चाचण्यांपासून कापडगिरणीपर्यंत सगळीकडे वापरला जातो.

बांगलादेशचं लोणी

शेअर बाजारवाल्यांनो, कान इकडे! अमेरिकेचा एस अँड पी ५०० निर्देशांक कशावरून सांगता येतो, माहीत आहे का? बांगलादेशात किती लोणी तयार झालं त्यावरून!

डेव्हिड लाइनवेबर या अभ्यासकाने देशोदेशींच्या आकडेवारीची सीडी पालथी घातली आणि हे रत्न शोधलं. निर्देशांकाच्या चढउतारांपैकी ७५ टक्के एकट्या लोण्याने 'समजावले'. जोडीला अमेरिकेचं लोणी-चीज आणि दोन्ही देशांतल्या मेंढ्या घेतल्या की थेट ९९ टक्के! लाइनवेबर यांनी हे मुद्दाम केलं, शिकवण्यासाठी. हजारो रकाने चाळले की त्यातला एखादा तुमच्या विक्रीशी जुळणारच.

हिशेब सोपा आहे. एका तपासणीत चुकून 'सापडलं!' म्हणण्याची शक्यता ५ टक्के धरा. अशा स्वतंत्र वीस तपासण्या केल्या की निदान एकदा तरी फसण्याची शक्यता होते ६४ टक्के. म्हणून कुणी छातीठोकपणे एक ट्रेंड दाखवला की पहिला प्रश्न हाच: हा सापडण्याआधी आणखी किती तपासले होते?

पटत नाही? मग हे ऐका. क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एक सॅमन मासा एमआरआय मशीनमध्ये ठेवला आणि त्याला माणसांचे फोटो दाखवले. स्कॅनमध्ये माशाच्या मेंदूत हालचाल दिसली! मासा मेलेला होता. मेंदूचे हजारो ठिपके एकाच वेळी तपासताना योग्य दुरुस्ती केली नाही तर काय होतं, हे त्यांना दाखवायचं होतं. या मेलेल्या माशाने २०१२ मध्ये गमतीदार संशोधनाला मिळणारं इग नोबेल पटकावलं.

४६८ पानांची घसरगुंडी

हा किस्सा माझा सगळ्यात लाडका. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाचे होरेस सिक्रिस्ट यांनी १९२० च्या दशकातल्या शेकडो दुकानांचे आणि धंद्यांचे दहा-दहा वर्षांचे हिशेब गोळा केले. त्या काळी! सगळं हाताने! त्यांना दिसलं की पहिल्या वर्षी अव्वल असलेली दुकानं हळूहळू सरासरीकडे घसरतात आणि तळाची दुकानं सरासरीकडे चढतात. १९३३ मध्ये त्यांनी '४६८ पानी' बॉम्ब टाकला: 'द ट्रायम्फ ऑफ मीडिऑक्रिटी इन बिझनेस'. त्यांचं म्हणणं, खुल्या स्पर्धेमुळे धंदे सुमार होत चाललेत.

हॅरल्ड होटेलिंग या संख्याशास्त्रज्ञाने परीक्षण लिहिलं आणि सगळा डोलारा कोसळला. पहिल्या वर्षीचा नंबर एक हा थोडा गुणाचा, थोडा नशिबाचा असतो. पुढच्या वर्षी गुण राहतात, नशीब राहीलच असं नाही. त्यामुळे अव्वल मंडळी खाली येणारच. हेच आकडे उलट्या क्रमाने, शेवटच्या वर्षाकडून पहिल्या वर्षाकडे वाचले तरी तीच घसरण दिसते! सिक्रिस्ट यांनी बाजू मांडायचा प्रयत्न केला तेव्हा होटेलिंग म्हणाले, हे म्हणजे हत्ती रांगांत उभे करून पाढे सिद्ध करण्यासारखं झालं. फ्रान्सिस गाल्टन यांनी १८८६ मध्येच उंच आईबापांच्या मुलांबद्दल नेमकं हेच दाखवलं होतं.

हे जुनं प्रकरण आहे असं समजू नका. 'बेस्ट सेल्समन'ची ढाल मिळालेला माणूस पुढच्या वर्षी थोडा मागे पडला की 'डोक्यात हवा गेली' म्हणतात. तळाच्या शाखेला झापलं आणि पुढच्या तिमाहीत ती सुधारली की 'बघा, झापल्याचा परिणाम!' दोन्हीकडे सरासरीची ओढ काम करत असते. माणसांवर उगाच अन्याय होतो, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

साखर, शंभर आणि शून्य

२०१२ चा जानेवारी. भारताचं औद्योगिक उत्पादन ६.८ टक्क्यांनी वाढलं म्हणून जाहीर झालं. वा! काही आठवड्यांनी दुरुस्ती आली: १.१ टक्के. मधले टक्के गेले कुठे? साखरेत विरघळले! साखरेचं उत्पादन ५८.०९ लाख टनांऐवजी १३४.०८ लाख टन धरलं गेलं होतं. अख्ख्या देशाचा ट्रेंड एका चुकीच्या आकड्याने उचलून धरला होता. रेघ अचानक उसळली की आधी आकडा पुन्हा तपासा, मग हार-तुरे.

आणि टक्केवारीची जादू? २०२० च्या एप्रिल-जूनमध्ये लॉकडाउनमुळे भारताचा जीडीपी सुमारे २४ टक्क्यांनी घसरला. पुढच्या वर्षी त्याच तिमाहीत २०.१ टक्क्यांची वाढ! म्हणजे जवळजवळ भरून निघालं? गणित करा. शंभराचे झाले ७६, आणि ७६ वर २० टक्के म्हणजे सुमारे ९१. अजून नऊ कमीच.

गुगलला लागलेली सर्दी

२००८ मध्ये गुगलने लोकांच्या सर्चवरून फ्लूची साथ ओळखायची सेवा सुरू केली. सुरुवातीला जगभर वाहवा झाली. मग ऑगस्ट २०११ नंतरच्या १०८ आठवड्यांपैकी १०० आठवडे तिचा अंदाज वास्तवापेक्षा जास्त निघाला. २०१५ मध्ये सेवा बंद. सर्च करणाऱ्या सगळ्यांनाच फ्लू नसतो, आणि काल जुळलेली जोडी उद्या जुळेलच असं नाही.

टार्गेट या अमेरिकी दुकानसाखळीचं मात्र जमलं. संख्याशास्त्रज्ञ अँड्र्यू पोल यांनी सुमारे २५ वस्तूंच्या खरेदीवरून कोणती ग्राहक गरोदर असावी हे ताडलं. त्यातली एक बोलकी खूण कोणती? बिनवासाचं लोशन! वास नाही, पण सुगावा लागला. धंद्याच्या दृष्टीने कमाल, पण ग्राहकाच्या खाजगीपणाचं काय? ती चर्चा २०१२ मध्ये जी पेटली, ती आजही चालू आहे.

रेघ ओढणारा पहिला माणूस

माहीत आहे का, ऑफिसच्या प्रेझेंटेशनमधला बार चार्ट किती जुना आहे? १७८६ चा! विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश माणसाने व्यापाराच्या आकड्यांचे आलेख छापले. त्या पुस्तकात बाकी सगळे रेघांचे, बार चार्ट फक्त एक. का? स्कॉटलंडच्या व्यापाराचे एकाच वर्षाचे आकडे हाती होते, रेघ कशी ओढणार! पाय चार्टही त्याचाच, १८०१ चा.

आलेख काढणं का गरजेचं, ते फ्रान्सिस अँस्कॉम यांनी १९७३ मध्ये दाखवलं. आकड्यांचे चार संच, प्रत्येकात ११ बिंदू. चौघांची सरासरी तीच, चौघांमधून जाणारी सरळ रेघही तीच. चित्र काढा आणि गंमत बघा! एक संच खरंच सरळ, एक कमानीसारखा वाकलेला, आणि उरलेल्या दोघांत एकेका उपटसुंभ बिंदूने सगळा गोंधळ घातलेला. समरीवर सही करण्याआधी आलेख मागा.

एकाचा दबदबा

तुमच्या खातेवहीतल्या रकमांचा पहिला अंक बघा. १ ते ९ सगळे सारखेच येत असतील? छे! सुमारे ३० टक्के रकमा १ ने सुरू होतात, ९ ने जेमतेम ४.६ टक्के. सायमन न्यूकम यांना हे १८८१ मध्ये सुचलं, कारण लॉग टेबलच्या पुस्तकाची सुरुवातीची पानं जास्त मळलेली दिसायची. १९३८ मध्ये फ्रँक बेनफर्ड यांनी ढीगभर आकडे गोळा करून ते पक्कं केलं. खोटी बिलं रचणारा अंक सगळीकडे सारखे पेरतो आणि ऑडिटरच्या नजरेत भरतो!

नाण्यांचं डाएट

आता आपला माणूस. गोव्यातल्या कोसबेन इथे १९०७ मध्ये जन्मलेले आणि पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गणित शिकवलेले दामोदर धर्मानंद कोसंबी. त्यांनी हजारो आहत (ठसे मारलेली प्राचीन) नाणी नाजूक तराजूवर तोलली. कशासाठी? चांदीचं नाणं हातोहाती फिरलं की झिजतं. जितकं जास्त फिरलं तितकं सरासरी वजन कमी, आणि नाण्यानाण्यातला फरक जास्त. कल्पना पारखायला त्यांनी आधुनिक चलनातली नाणीही तोलली. ज्या नाण्यांवर तारीख नाही, राजाचं नाव नाही, त्यांचा काळाचा क्रम त्यांनी वजनाच्या ट्रेंडवरून लावला. व्यवहाराच्या डेटातून इतिहास वाचण्याचं याहून झकास उदाहरण मला तरी माहीत नाही.

तारीख पे तारीख, तिथी पे तिथी

शेवटचा आणि आपल्या गल्लीतला सगळ्यात मोठा घोळ: कॅलेंडर!

ऑक्टोबर २०२३ घ्या. १४ तारखेपर्यंत पितृपक्ष, म्हणजे गाडी नको, सोनं नको. लक्ष्मीपूजन थेट १२ नोव्हेंबरला. आता ऑक्टोबर २०२५. दसरा २ तारखेला, लक्ष्मीपूजन २१ ला, भाऊबीजही ऑक्टोबरातच. या दोन ऑक्टोबरांची तुलना करून 'मार्केट उसळलं' म्हणणाऱ्याने पंचांगाची वाढ मोजली, धंद्याची नव्हे.

चिनी सरकारने यावर तोडगा काढलाय. त्यांचं नववर्ष कधी जानेवारीत, कधी फेब्रुवारीत येतं, म्हणून तिथलं सांख्यिकी खातं औद्योगिक उत्पादन आणि किरकोळ विक्रीचे या दोन महिन्यांचे आकडे एकत्रच जाहीर करतं. सुटला प्रश्न! आपणही सप्टेंबर ते नोव्हेंबर एकत्र धरले तर निम्मा गोंधळ तिथेच संपतो. लीप वर्षाचा फेब्रुवारी तर काहीही न करता साडेतीन टक्के मोठा असतो!

आणि अधिक मास? १९ वर्षांत सात वेळा येतो. २०१८ ला अधिक ज्येष्ठ, मग २८ महिन्यांनी २०२० ला अधिक आश्विन, मग ३४ महिन्यांनी २०२३ ला अधिक श्रावण. मंगल कार्यालयांत शुकशुकाट, पण जावयाच्या वाणासाठी तेहतीस-तेहतीस अनारसे, चांदीची निरांजनं, तांब्याची भांडी यांना उठाव! अनारशांच्या खपातली ही उसळी 'मागच्या वर्षीचा जुलै, या वर्षीचा जुलै' अशा तुलनेत कधीच नीट उलगडणार नाही. मिठाईवाला ती पाहून पुढच्या वर्षी दुप्पट माल भरेल आणि माल पडून राहील. वर अधिक मास आला की पुढचे सगळे सणही सरकतात: २०२२ ची गणेश चतुर्थी ३१ ऑगस्टला होती, २०२३ ची १९ सप्टेंबरला.

तेव्हा दुकानदार मित्रांनो, केटरर ताईंनो, सराफ मंडळींनो, एवढं एकच करा. विक्रीच्या एक्सेल शीटमध्ये तारखेच्या शेजारी तिथीचा एक कॉलम टाका. कालनिर्णय समोर ठेवून जुनी वर्षंही भरून घ्या. दिवाळीच्या आठवड्याला दिवाळीचाच आठवडा लावा, पितृपक्षाला पितृपक्ष. आणि २०२६ च्या १७ मे ते १५ जून या पट्ट्याला वेगळा रंग द्या: तो अधिक ज्येष्ठ आहे.